ॲल्युमिनात ग्राफीन ऑक्साइड: पहिली पट्टी घडवताना

कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदी आटवणाऱ्या एखाद्या कारागिराची जुनी ग्रॅफाइटची मूस हातात घेऊन बघा. तळ जाड, काळा, शाबूत. काठ मात्र कुरतडल्यासारखा पातळ आणि राखाडी झालेला. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. तेवढ्या उष्णतेत ग्रॅफाइट वितळत नाही, मऊसुद्धा पडत नाही. काठावर त्याला हवा मिळते आणि तापलेला कार्बन हवेत जळतो, एवढंच. ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा, आणि त्यावर ऑक्सिजनचे गट बसले की ग्राफीन ऑक्साइड. ते घातलेलं सिरॅमिक घडवताना पहिल्या दिवसापासून शेवटच्या चाचणीपर्यंत मुशीचा हा काठ डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. हवेपासून कार्बन राखला तर मिश्रण काम देतं. राखला नाही तर खर्च करून भोकं असलेलं पांढरं ॲल्युमिना, म्हणजे नुसतं ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, तेवढं हाती येतं.

हा लेख इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरात घरची फौंड्री असलेल्या त्या तरुणांसाठीही, जे मला विचारतात, "मॅडम, हे रॅमिंग मासमध्ये टाकलं तर लायनिंग जास्त हीट देईल का?" (रॅमिंग मास म्हणजे भट्टीच्या आत ठोकून बसवायची अस्तराची पावडर, आणि एक हीट म्हणजे धातूचा एक वितळ.) त्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथेच बरेच पैसे आणि महिने वाचतील.

कुठे घालायचं नाही

आपल्याकडच्या बहुतेक इंडक्शन भट्ट्यांचं अस्तर सिलिकाचं असतं. सिलिका आणि कार्बन खालच्या तापमानाला एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत. पण ओतीव लोखंडाच्या भट्टीत साधारण १४५० अंशांच्या पुढे गेलात की कार्बन सिलिकातला ऑक्सिजन ओढून घ्यायला लागतो. कार्बन मोनॉक्साइड निघून जातो, सिलिकॉन धातूत उतरतो, अस्तर झिजतं. वितळलेल्या लोखंडातला कार्बन हे काम एरवीही करतच असतो. त्याच अस्तरात आपणच आणखी कार्बन मिसळणं म्हणजे चोराला घराची किल्ली देणं. म्हणून सिलिका रॅमिंग मास आणि ग्राफीन ऑक्साइड ही जोडी सोडून द्या.

सिमेंट असलेल्या कास्टेबलपासूनही (पाण्यात कालवून काँक्रीटसारखं ओतायचं अस्तर) नवख्याने लांब राहावं. ॲल्युमिना सिमेंट भिजलं की पाण्यात कॅल्शियमचे आयन सुटतात, आणि कॅल्शियम दिसला की ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. त्यावर उपाय शोधता येतात, पण तो पुढच्या इयत्तेचा अभ्यास आहे.

सुरुवात शुद्ध ॲल्युमिनाच्या छोट्या पट्टीपासून करा. ॲल्युमिना आपल्याला परका नाही. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला बॉक्साइटच्या खाणी आहेत. सह्याद्रीच्या पठारांवरच्या जांभ्याबरोबर सापडणारं हे खनिज शुद्ध केलं की पांढरी ॲल्युमिना पावडर मिळते, आणि बेळगावला तिचा मोठा कारखाना आहे.

घालायचं तरी कशाला

ॲल्युमिना २००० अंशांच्याही पुढे वितळतो, गंजत नाही, बहुतेक आम्लांना दाद देत नाही. त्याचा दोष एकच, पण मोठा. तो ठिसूळ आहे. भेग पुढे जायला जो विरोध होतो त्याला भंग-चिवटपणा म्हणतात. ॲल्युमिनाचा हा आकडा ३ ते ४ मेगापास्कल वर्गमूळ मीटर एवढाच आहे. साध्या पोलादाचा ५० च्या वर असतो. तापलेली ॲल्युमिनाची वस्तू पाण्यात टाकली आणि दोन्हींच्या तापमानात साधारण २०० अंशांचा फरक असला, तरी तिची ताकद एकदम कोसळते. फौंड्रीत ॲल्युमिनाची नळी वितळून जात नाही, तडकून जाते.

कुडाच्या भिंतीला लिंपण घालताना मातीत भाताचं काड किंवा तूस का मिसळतात? माती वाळताना भेग पडायला लागते, काडापाशी पोचते आणि तिथे अडखळते. काड भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतं. ग्राफीनचे पापुद्रे सिरॅमिकच्या कणांमध्ये बसून तेच करतात. भेग त्यांना वळसा घालते, काही ठिकाणी पापुद्रा भेगेवर पुलासारखा ताणला जातो, काही ठिकाणी तो उपसून निघतो, आणि प्रत्येक वेळी भेगेची ऊर्जा खर्ची पडते. शिवाय कणांच्या सीमेवर बसलेला पापुद्रा भट्टीत कणांना फार वाढू देत नाही. बारीक कणांचं सिरॅमिक मजबूत असतं, हा वेगळा लाभ.

२०११ साली अमेरिकेतल्या एका गटाने सिलिकॉन नायट्राइडमध्ये आकारमानाने फक्त दीड टक्का ग्राफीन घालून हा चिवटपणा २.८ वरून ६.६ पर्यंत नेला. हा आकडा वाचून माझ्यासारखे अनेक जण या वाटेला आले. पण तो सिलिकॉन नायट्राइडचा आहे, आणि दाब देऊन झटपट भाजणाऱ्या यंत्रातला आहे. ॲल्युमिनात साध्या भट्टीत तेवढी उडी मिळत नाही. चांगल्या पट्टीत पाचव्या-चौथ्या हिश्श्याने वाढ दिसली तरी माझ्या मते काम नीट झालं.

मग थेट ग्राफीन न घालता ग्राफीन ऑक्साइड का? कारण पाणी. ग्राफीन पाण्याला जवळ करत नाही, पापुद्रे लगेच एकमेकांवर चढून बसतात. ऑक्साइडच्या पापुद्र्यावर ऑक्सिजनचे गट असतात, ते पाण्यात सुटे राहतात आणि पापुद्रे वेगळे ठेवतात. पसरवण्यापुरता ऑक्सिजन हवा. नंतर भट्टीत तो आपोआप निघून जातो आणि मागे ग्राफीनच्या जवळचा कार्बन राहतो.

घरी बनवू नका, विकत घ्या

ग्रॅफाइटपासून हा पदार्थ १८५९ साली ब्रॉडीने पहिल्यांदा बनवला. १९५८ साली हमर्स आणि ऑफमन यांनी दिलेली कृती आजही थोड्याफार बदलाने सगळीकडे चालते. इंटरनेटवर ती सहज सापडते, म्हणून हे कळकळीने लिहिते. त्या कृतीत तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट एकत्र येतात. त्यातून मँगनीज हेप्टॉक्साइड नावाचं हिरवट तेलकट द्रव्य तयार होतं, आणि ते साधारण ५५ अंशांच्या वर स्फोट करतं. अनुभवी माणूस, बर्फाचं पात्र आणि धूर ओढणारी कपाट-चिमणी नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतही याला हात लावू नका. कारखान्याच्या शेडमध्ये तर मुळीच नको.

विकत घेताना कोरडी पावडर घेऊ नका, पाण्यातलं द्रावण घ्या. दर मिलिलीटरला ४ मिलिग्रॅम अशा प्रमाणात ते मिळतं. एकदा सुकलेले पापुद्रे पुन्हा पूर्ण सुटे होत नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण सुरक्षेचं: कोरड्या ग्राफीन ऑक्साइडचा ढीग २०० अंशांच्या आसपास एकदम भडकून वायू सोडतो, आणि धुताना पोटॅशियमचे क्षार मागे राहिले असतील तर अधिकच पेटतो. विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी मागा: एकेरी पापुद्र्यांचं प्रमाण, पापुद्र्यांची सरासरी लांबी-रुंदी, कार्बन आणि ऑक्सिजनचं गुणोत्तर, आणि गंधक व मँगनीज किती उरलं आहे. हे सांगायला जो टाळाटाळ करतो त्याचा माल स्वस्त असला तरी नको. बाटली फ्रीजमध्ये ठेवली तर चालते, पण द्रावण गोठू देऊ नका.

ॲल्युमिना अल्फा प्रकारचाच हवा, कणांचा मधला आकार अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, शुद्धता ९९.८ टक्क्यांच्या वर. भाजताना कण बेसुमार वाढू नयेत म्हणून त्यात अत्यल्प मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) घालतात. ती आधीच मिसळलेली पावडर मिळते, तीच घ्या. स्वतः मॅग्नेशियमचा क्षार घालायला गेलात तर त्याचे आयनही कॅल्शियमसारख्याच गुठळ्या करतात.

वजनाचा हिशेब

१०० ग्रॅमचा घाणा धरू, आणि वजनाने अर्धा टक्का ग्राफीन ऑक्साइड. म्हणजे ९९.५ ग्रॅम ॲल्युमिना आणि ०.५ ग्रॅम ग्राफीन ऑक्साइड. ४ मिलिग्रॅमच्या द्रावणात अर्धा ग्रॅम म्हणजे १२५ मिलिलीटर.

आता जो भाग नवखे लोक विसरतात. भट्टीत ऑक्सिजन, पाणी आणि थोडा कार्बनही वायू होऊन जातो. अर्ध्या ग्रॅममधला साधारण ०.३ ग्रॅमच मागे उरतो असं धरा. त्याची घनता सुमारे २.२, म्हणजे आकारमान ०.१४ घन सेंटिमीटर. ॲल्युमिनाची घनता ३.९८, त्याचं आकारमान २५ घन सेंटिमीटर. म्हणजे तयार पट्टीत कार्बन आकारमानाने अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर. आणि पूर्ण भरीव पट्टीची घनता ३.९७ यायला हवी. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

घाणे चार करा: शून्य, पाव, अर्धा आणि एक टक्का. शून्याचा घाणाही त्याच भांड्यांतून, त्याच भट्टीतून, त्याच दिवशी काढायचा. अनेक जण शून्याच्या पट्टीसाठी पुस्तकातला आकडा वापरतात आणि मग स्वतःच्या भट्टीचा गुण ग्राफीनच्या नावावर जमा करतात. एक टक्क्याच्या पुढे सुरुवातीला जाऊ नका. पापुद्रे जास्त झाले की ते एकमेकांवर बसतात, मध्ये पोकळ्या राहतात आणि पट्टी साध्या ॲल्युमिनापेक्षा कमजोर निघते. मिठासारखंच आहे हे, आमटीत चिमूट जास्त झाली की आमटी जाते.

पसरवणं: इथे घाई केली की सगळं गेलं

पूर्ण कामातला निम्मा वेळ इथे द्या. पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्डच. माझा पहिला घाणा मी बोअरच्या पाण्यात केला होता. तासाभरात तपकिरी द्रावणात काळपट चोथा तरंगायला लागला, आणि कितीही ढवळला तरी तो फुटेना. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमचा तो प्रताप होता. पट्ट्या भाजल्यावर तोडलेल्या तोंडावर डोळ्यांना दिसतील एवढे काळे ठिपके होते, आणि प्रत्येक पट्टी बरोबर त्या ठिपक्यापाशी तुटली होती.

आधी १२५ मिलिलीटर द्रावणात पाणी घालून ते ५०० मिलिलीटर करा. मग ते अल्ट्रासॉनिक बाथमध्ये अर्धा तास ठेवा. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, दागिने धुवायला जे मशीन असतं त्याच जातीचा बाथ चालतो. बाथच्या पाण्यात बर्फाचे तुकडे टाकत राहा, द्रावण कोमटही होऊ नये. एक तासाच्या पुढे जाऊ नका. जास्त वेळ हादरवल्याने पापुद्रे सुटत नाहीत, तुटतात. तुटलेला आखूड पापुद्रा भेगेवर पूल कसा बांधणार?

दुसऱ्या मोठ्या बीकरमध्ये २५० मिलिलीटर पाण्यात ९९.५ ग्रॅम ॲल्युमिना ढवळा आणि पातळ नायट्रिक आम्लाचे थेंब टाकत पीएच ४ वर आणा. ॲल्युमिना आम्ल हळूहळू पिऊन घेतो, त्यामुळे पीएच पुन्हा वर चढतो. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, पुन्हा थेंब टाका. दोन-तीनदा असं करावं लागतं.

४ हा आकडा का, ते समजून घेतलं की पुढे कुठलंही सिरॅमिक हाताळता येईल. ॲल्युमिनाच्या कणावर पाण्यात विद्युत भार असतो. पीएच ८-९ च्या खाली तो धन असतो, वर गेलं की ऋण. ग्राफीन ऑक्साइडवर ४ च्या आसपासही ऋण भारच असतो. ४ वर दोघांचे भार विरुद्ध, त्यामुळे ॲल्युमिनाचे कण पापुद्र्याला स्वतःहून चिकटतात आणि पापुद्रे एकमेकांवर बसायला जागाच उरत नाही. पीएच १० वर हेच दोघे एकमेकांना ढकलतात आणि सुकताना वेगवेगळे होतात. म्हणजे कितीही भारी ढवळणी यंत्र आणलं तरी त्याच्याआधी हे भाराचं गणित जुळायला हवं.

आता ॲल्युमिनाचं हे पातळ मिश्रण, म्हणजे स्लरी, ढवळती ठेवून तिच्यात ग्राफीन ऑक्साइड थेंब थेंब सोडा. ५०० मिलिलीटर संपायला तास लागला पाहिजे, म्हणजे मिनिटाला आठेक मिलिलीटर. सलाइनची नळी आणि तिची चकती या कामाला उत्तम. सगळं उतरल्यावर आणखी तासभर ढवळू द्या, मग थांबवून पंधरा-वीस मिनिटं बघत बसा. वरचं पाणी नितळ किंवा फार तर दुधाळ दिसलं, आणि तपकिरी रंग सगळा गाळाबरोबर खाली गेला, तर जमलं. पाणी कोऱ्या चहासारखं राहिलं तर पापुद्रे अजून मोकळे फिरताहेत. पीएच मोजा, पुन्हा ४ वर आणा. ही परीक्षा फुकट आहे आणि कुठल्याही महागड्या उपकरणाइतकी उपयोगी आहे.

सुकवणं आणि दाबणं

स्लरी ट्रेमध्ये ओतून ओव्हनमध्ये विसरून जायची नाही. बशीत सांडलेला चहा सुकताना कडेला गडद वळं उमटतं, तसेच पापुद्रे पाण्याबरोबर कडेला वाहत जातात. विद्यापीठात फ्रीज ड्रायर मिळाला तर देव पावला. नाहीतर व्हॅक्यूम लावून गाळा आणि घट्ट झालेला लगदा ७० अंशांवर दर पंधरा मिनिटांनी चाळवत सुकवा. मग खलात हलक्या हाताने फोडून १०० मेशच्या चाळणीतून काढा. इथून पुढे पावडर कोरडी आहे, म्हणून एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, पंखा बंद ठेवा. सांडलेली पावडर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

दाबण्यासाठी बहुतेक ठिकाणी पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा बाइंडर घालायला सांगतात. साध्या ॲल्युमिनासाठी ते ठीक आहे, कारण बाइंडर ५०० अंशांवर हवेत जाळून टाकतात. आपल्या पट्टीत त्या हवेने बाइंडरबरोबर ग्राफीनही जाईल. माझ्या हातून हेही झालं आहे: आत हवा असलेल्या मफल भट्टीतून राखाडी पट्ट्यांच्या जागी पांढऱ्या पट्ट्या बाहेर आल्या आणि दोन आठवड्यांचं काम गेलं. बाइंडर न घालता दाबा. साच्याच्या भिंतींना स्टिअरिक आम्लाचा पातळ हात पुरतो.

साचा ६० बाय ८ मिलिमीटरचा धरला तर १०० मेगापास्कल दाबासाठी साधारण ५ टनांचा प्रेस लागतो. दाब हळू चढवा, अर्धा मिनिट धरा, त्याहून हळू उतरवा. झटकन सोडला की पट्टी आडव्या थरांत सुटते. भाजल्यावर ती प्रत्येक बाजूने साधारण १५ ते १८ टक्के आकसेल, ते साचा करताना लक्षात ठेवा. साचा आपल्या उद्यमनगरात कुणीही चांगला टर्नर-फिटर करून देईल. कडक केलेलं डाय स्टील वापरायला सांगा आणि आतल्या बाजू पॉलिश करून घ्या.

भट्टी

पहिला टप्पा ऑक्सिजन घालवण्याचा. १५० ते २५० अंशांमध्ये ग्राफीन ऑक्साइड पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतं. पट्टीतून वायूला वाट मिळायला वेळ द्यावा लागतो. आर्गॉन वायूत (तो कशाशीच संयोग करत नाही) मिनिटाला एका अंशाने चढा, २५० वर तासभर थांबा, मग ३०० च्या पुढे गेलात की वेग ५ अंशांवर नेता येतो. हा टप्पा उरकायला गेलात तर पट्टीच्या आत केसासारख्या भेगा पडतात, बाहेरून दिसत नाहीत.

दुसरा टप्पा भाजण्याचा. नवख्याला परवडणारी वाट म्हणजे ॲल्युमिनाच्या नळीची ट्यूब फर्नेस, आर्गॉन, १५५० अंश, दोन तास. सुरू करण्यापूर्वी नळीतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढून आर्गॉन भरा, असं तीनदा करा. १६०० च्या पुढे जाऊ नका, तिथे कार्बन ॲल्युमिनाशीच झोंबायला लागतो. दाब न देता भाजताना एक अडचण राहते. पापुद्रे कणांना जवळ येऊ देत नाहीत, त्यामुळे पट्टी पूर्ण भरीव होत नाही. म्हणून संशोधनातले बहुतेक चांगले आकडे हॉट प्रेस किंवा स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग (विजेच्या झटक्यांनी तापवत दाबून भाजणं) यांतून आलेले असतात. तिथे ग्रॅफाइटच्या साच्यात ५० मेगापास्कलच्या आसपास दाब देत १३०० ते १४५० अंशांवर काही मिनिटांत काम होतं. ही यंत्रं हैदराबादच्या एआरसीआयसारख्या (पावडर धातुशास्त्राचं संशोधन केंद्र) संस्थांत आहेत. आधी आपल्या ट्यूब फर्नेसवर घाणा बसवा, कृती पक्की झाली की मग तिकडे चार नमुने करून घ्या.

आर्गॉन नसेल तर कोकमध्ये पुरून भाजायची जुनी रीत आहे. कार्बन असलेल्या विटा अजूनही अशा भाजून तपासतात. क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी लोखंड वितळवायची उभी भट्टी, चालवलेल्या घरात कोकची भुकटी मिळेलच. पट्ट्या ॲल्युमिनाच्या छोट्या झाकणाच्या मुशीत ठेवा, ती मूस मोठ्या भांड्यात कोकच्या भुकटीत पुरा, वरचं झाकण फायर क्लेने लिंपून टाका. कोक थेट पट्टीला लागू देऊ नका, त्याच्या राखेत सिलिका आणि लोह असतं. आतली हवा कोक खातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तोच पट्टीला राखतो आणि तोच माणसाचा जीव घेतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत ही भट्टी लावायची नाही, उघड्या शेडमध्ये लावा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणल्याशिवाय लावू नका.

पट्टी हातात आली, आता?

आधी रंग. एकसारखी गडद राखाडी किंवा काळी असावी. मग मल्टिमीटर लावा. साधा ॲल्युमिना विजेला पूर्ण अडवतो. तुमची एक टक्क्याची पट्टी थोडी जरी वीज नेत असेल, तर पापुद्रे भट्टीतून वाचलेत आणि एकमेकांपर्यंत पोचलेत. कमी प्रमाणाच्या पट्टीने वीज नेली नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही.

घनता आर्किमिडीजच्या रीतीने मोजा: कोरडं वजन, दोन तास पाण्यात उकळून भिजलेलं वजन, आणि पाण्यात टांगून वजन. वर लिहून ठेवलेल्या ३.९७ शी ताडून बघा. ९५ टक्क्यांच्या खाली असाल तर ताकदीच्या चाचणीला जाऊच नका. पोकळ्यांचा परिणाम ग्राफीनच्या परिणामाला झाकून टाकतो. परत भट्टीकडे जा.

वाकवून तोडण्याच्या चाचणीसाठी पट्टी डायमंड व्हीलवर ४ बाय ३ मिलिमीटरची घासून घ्या आणि कडा किंचित मारा. ४० मिलिमीटर अंतराच्या आधारांवर ठेवून मध्ये भार द्या. सूत्र असं: तीन गुणिले भार गुणिले आधारांमधलं अंतर, भागिले दोन गुणिले रुंदी गुणिले जाडीचा वर्ग. पट्टी १८० न्यूटनला तुटली तर ताकद ३०० मेगापास्कल. १८० न्यूटन म्हणजे जेमतेम १८ किलोचा भार. कॉलेजात सळया ओढायला जे ४० टनांचं यंत्र असतं त्याला एवढा भार कळतच नाही, एक किलोन्यूटनचा लोड सेल लागतो. प्रत्येक प्रमाणाच्या किमान दहा पट्ट्या तोडा. सिरॅमिकचे आकडे विखुरलेले येतात, आणि तीन पट्ट्यांच्या सरासरीवर कुणी वाढीचा दावा केला तर मी तो मानत नाही.

चिवटपणा मोजायला अनेक जण व्हिकर्सचा, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने दाबून केलेला, ठसा उमटवून त्याच्या कोपऱ्यातल्या भेगा मोजतात. सोपं आहे, पण त्यातून येणारा आकडा भरवशाचा नाही. पट्टीला बारीक खाच पाडून ती वाकवून तोडा, तोच आकडा लिहा.

तुटलेलं तोंड शिवाजी विद्यापीठाच्या उपकरण सुविधा केंद्रात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून घ्या. कणांच्या मधून पातळ, चुरगळलेल्या कागदासारखे पापुद्रे बाहेर आलेले दिसायला हवेत. रामन चाचणीत (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणं) १३५० आणि १५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दोन शिखरं दिसली की कार्बन शाबूत आहे.

उष्णतेच्या धक्क्यासाठी पट्ट्या १५०, २००, २५०, ३०० अंश अशा गटांनी तापवा, २५ अंशांच्या पाण्यात टाका, सुकवा, मग वाकवून तोडा. शून्याच्या पट्टीची ताकद कुठे कोसळते आणि तुमची कुठे, यातलं अंतर हाच फौंड्रीवाल्याच्या कामाचा आकडा आहे.

हवेत किती टिकेल

भरीव पट्टीच्या पोटातल्या पापुद्र्यांना हवा पोचत नाही, ते टिकतात. पृष्ठभागावरचे ५००-६०० अंशांच्या आसपासच जळायला लागतात. उघड्या हवेत ६००, ८०० आणि १००० अंशांवर दहा-दहा तास पट्ट्या ठेवा, आधी-नंतर वजन करा, मग मधून कापा. काळ्या गाभ्याभोवती पांढरी किनार दिसेल. तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. कार्बन असलेल्या विटांत ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉनची भुकटी, बोरॉन कार्बाइड असे पदार्थ घालतात, ते कार्बनच्या आधी ऑक्सिजन पकडतात. आपल्या पट्टीत ते पहिल्याच वेळी घालू नका. आधी नुसत्या पट्टीची किनार किती ते कळू द्या.

प्रत्यक्ष वस्तू करून बघायची असेल तर ॲल्युमिनियमच्या होल्डिंग भट्टीत (वितळलेला धातू तापता ठेवायची भट्टी) बुडवायची थर्मोकपलची छोटी शीथ, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांवरची संरक्षक नळी, घ्या. धातू ७२० ते ७५० अंशांवर असतो, वस्तू लहान, फुटली तरी नुकसान थोडं, आणि दिवसातून अनेक वेळा आत-बाहेर होत असल्याने उष्णतेचा धक्का भरपूर बसतो. तिच्याशेजारी शून्य टक्क्याची शीथही टांगा, दोन्हींवर तारीख कोरा. बुडालेला भाग धातूने झाकलेला असतो. धातूची पातळी आणि हवा जिथे मिळतात तिथे, मुशीच्या काठासारखंच, पांढरं वळं उमटायला लागेल. आठवड्याने शीथ काढा, बरोबर त्या वळ्यावर कापा आणि किनार मोजून वहीत लिहा.